एकाच विहिरीवर सगळे अलंकार – अभ्यासाचा अपडेट

मंडळी, वृत्तांचं, म्हणजे कवितेच्या ठरलेल्या लयींचं, काम बऱ्यापैकी मार्गी लागलंय म्हणून आता अलंकार घेतलेत.

आधी वृत्ताचं थोडक्यात. भुजंगप्रयात कानात पक्कं बसलं, 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' मोठ्याने म्हणायचं आणि सोबत लगागा लगागा लगागा लगागा धरायचं (ल म्हणजे लघु, आखूड अक्षर; गा म्हणजे गुरू, लांब अक्षर), 12 अक्षरं, चार य गण (लगागा हा तीन अक्षरांचा गट म्हणजे य गण), झालं. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं हे सगळ्यांना माहीत असतं (सज्जनामधला स बघा), पण ते आघातावर ठरतं, म्हणजे 'तुझ्या' म्हणताना 'तु'वर जोर येतच नाही म्हणून तो लघूच राहतो, आणि मराठीत असे शब्द पावलोपावली भेटतात, त्यामुळे नुसतं कागदाकडे बघून मात्रा मोजू नका, तोंडाने म्हणा.

आता अलंकार. व्याख्या पाठ करून उपमा-उत्प्रेक्षा-रूपक डोक्यात वेगळे राहत नाहीत असं माझं ठाम मत झालंय, कारण पुस्तकात प्रत्येकाचं उदाहरण वेगळ्याच कवितेतलं असतं, मग तुलना कशाची करणार? म्हणून मी एकच जोडी घेतली, विहीर आणि डोळा, आणि तीच सगळीकडून फिरवली. 'विहीर डोळ्यासारखी दिसते' ही उपमा, दोन्ही वस्तू वेगळ्या, साम्य फक्त दाखवलं. 'विहीर म्हणजे जणू जमिनीचा डोळाच' ही उत्प्रेक्षा, इथे कल्पना एक पाऊल पुढे गेली. 'विहीर हा जमिनीचा डोळा' हे रूपक, जणू गळालं, दोन्ही एक झाले. 'ही विहीर नव्हेच, जमिनीचा डोळा आहे' ही अपन्हुती, आता तर विहीरच नाकारली. असं ओळीने लावलं की साम्य कसं चढत जातं ते दिसतं, एकदा दिसलं की विसरणं शक्य नाही!

'विहीर की डोळा?' हा ससंदेह. भ्रांतिमान मला सगळ्यात आवडतो, त्यात नुसता भास होऊन भागत नाही, त्या भ्रमाने कोणीतरी वागावं लागतं, उदा. 'विहिरीत आभाळ दिसलं आणि बगळा त्यातच उडायला झेपावला'. उपमेय, म्हणजे जिचं वर्णन चाललंय ती गोष्ट, तुलनेच्या वस्तूपेक्षा वरचढ ठरलं की व्यतिरेक, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठी बोल 'अमृतातेंही पैजां जिंके' म्हटलंय तो हाच.

मग हे सगळं वापरून बघायला मोठ्या अभंगाच्या साच्यात एक कडवं लिहिलं. साचा 6-6-6-4, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक, 'सुंदर तें ध्यान / उभें विटेवरी / कर कटावरी / ठेवोनियां' असा. इथे लघु-गुरूचं बंधन नाही, अक्षरं मोजायची.

उन्हाळ्याच्या अंती
कोरडी विहीर
होई ती अधीर
पावसाला

विहीर अधीर होते म्हणजे चेतनगुणोक्ती, निर्जीवाला सजीवासारखं वागवणं, आपोआप आली. 'ती' मात्र फक्त अक्षर भरायला बसलीये, ती काढून सहा अक्षरं कशी जमवाल ते सांगा, यमक न हलवता. पुढे श्लेष (एकाच शब्दाचे दोन अर्थ) आणि मंदाक्रांता वृत्त, 17 अक्षरं आणि चौथ्या-दहाव्या अक्षरावर यती म्हणजे थांबा, त्याची तयारी सुरू केलीये.