काल रिन्स जिंकला

सोमवार, ७ नोव्हेंबर २०२२

काल मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकलींच्या जागतिक शर्यतींत, सुझुकीवरचा रिन्स जिंकला आणि माझ्या पोटात तुटलं.

हे म्हणाले, "जिंकला ना तुझा माणूस? मग डोळे कशाला पुसतेस?" घरात पाहुणे होते, त्यामुळे काही बोलले नाही. खरं म्हणजे सांगण्यासारखं उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हतंच. आज दुपारी सगळे गेल्यावर वही काढलीय, बघू सापडतं का.

काल आमच्याकडे भरीत होतं. बामणोदची वांगी, कळण्याच्या पुऱ्या, पुण्याची मंडळी. शर्यत साडेसहाची. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवला आणि पुऱ्या तळत तळत बघितली. रिन्स पाचव्या जागेवरून सुटला, पहिल्याच वळणावर सगळ्यांच्या पुढे गेला आणि मग सत्तावीस फेऱ्या पुढेच राहिला. आधी मार्टिन मागे लागला होता, नंतर बाईंडर. शेवटच्या दोन फेऱ्यांत बाईंडर इतका जवळ आला की मी गॅसच बंद करून टाकला. नाहीच सापडला त्याला. निळी सुझुकी पहिली आली. रिन्सचा जोडीदार मीर सहावा.

आणि संपलं. सुझुकीची ही शेवटची शर्यत, पुढच्या वर्षी मोटोजीपीत सुझुकी नाही.

त्याच वेळी डुकाटीवरचा बान्याया जगज्जेता झाला. नववा येऊन झाला, पण वर्षभराचे गुण होते त्याचे. २००७ च्या स्टोनरनंतर डुकाटीला पहिल्यांदा हे मिळालं, मग कॅमेरे तिकडेच वळणार. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. पण मधूनच सुझुकीच्या गॅरेजमधली माणसं दिसायची, एकमेकांच्या गळ्यात पडलेली. ती हसत होती की रडत होती ते मला कळेना, आणि तिथेच मला भरून आलं.

हरले असते तर बरं झालं असतं, असं सकाळपासून मनात येतंय. असं मनात यावं याचंही वाईट वाटतंय. पण हरले असते तर कारण तरी मिळालं असतं. सुझुकीवाले २०११ मध्ये असंच गेले होते ना. तेव्हा पूर्ण हंगामाला एकच गाडी उरली होती, बाउतिस्ताची, ती कधी पडायची, कधी मागे राहायची. वाईट वाटलं होतं, पण समजत होतं. त्याआधी कावासाकी २००९ च्या जानेवारीत गेली, तेव्हा तर मला काही वाटलंही नव्हतं. २०१५ मध्ये सुझुकी परत आली. पुढच्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला विन्यालेस जिंकला आणि आपलं माणूस आजारातून उठल्यासारखं झालं. मग २०२०. कंपनी म्हणून नोंद झाल्याला शंभर वर्षं, शर्यतीत उतरल्याला साठ, आणि मीर जगज्जेता. अख्ख्या हंगामात एकच शर्यत जिंकून! सगळे त्यालाच नावं ठेवत होते, एक शर्यत जिंकून कसला जगज्जेता म्हणून. मला तर तेच आवडलं होतं. न पडता, न चिडता, दर आठवड्याला गुण गोळा करत राहायचं. सुझुकीवर जगज्जेता झालेला १९९३ चा श्वांट्झ, २००० चा रॉबर्ट्स ज्युनिअर, आणि मग वीस वर्षांनी हा.

आता याच्यातलं काय कमी पडलं?

हाच प्रश्न परत परत येतोय. या वर्षी एप्रिलमध्ये पोर्तुगालच्या शर्यतीनंतर रिन्स आणि यामाहाचा क्वार्तारारो बरोबरीत होते, दोघांचे एकोणसत्तर गुण. म्हणजे पहिलाच म्हणायचा. आणि पुढच्याच आठवड्यात बातमी आली. जेरेझची शर्यत रविवारी झाली, सोमवारी चाचणी होती, त्या दिवशी टीमच्या माणसांना सांगितलं की हे वर्ष शेवटचं. मोटोजीपी भरवणाऱ्या डॉर्नाशी करार तर २०२६ पर्यंतचा होता!

मला ते कळलं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. ३ मेला. मी अमळनेरला होते, आईने मांडे करायला घेतले होते, गल्लीतल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, आणि मी ओट्यावर बसून मोबाईलमध्ये तेच तेच वाचत होते. खरं वाटत नव्हतं. बारा तारखेला कंपनीनेच सांगितलं, आणि जुलैमध्ये डॉर्नाशी बोलणं पक्कं झालं. कारण काय दिलं, तर सध्याची आर्थिक परिस्थिती आणि वाहन उद्योगात जे मोठे बदल होऊ घातलेत त्यावर सगळं बळ लावायचंय. म्हणजे रिन्सने काय केलं, मीरने काय केलं, रात्र रात्र जागून इंजिन खोलणाऱ्यांनी काय केलं, यातलं काहीच त्यात नाही. चांगलं केलं म्हणून राहिले नाहीत, वाईट केलं म्हणून गेले नाहीत. ज्या खोलीत ठरलं, तिथे त्यांच्या कामाचा विषयच नव्हता.

हे लिहिल्यावर जरा हात थांबला. कारण हे मी सुझुकीबद्दल लिहितेय की माझ्या वडिलांबद्दल, नानांबद्दल, मलाच कळेना.

नानांच्या गॅरेजला पारोळा, धरणगावहून गाड्या यायच्या. सामुराई, मॅक्स हंड्रेड, सगळ्या टीव्हीएस-सुझुकीच्या. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लावलेली मॅक्स हंड्रेड ज्याने बघितली नाही त्याला ते दिवस काय सांगणार. सायलेन्सर काढून जाळायचा, आतला कार्बन झटकायचा, प्लग घासायचा, कार्बोरेटर फुंकून साफ करायचा. नाना लांबून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून सांगायचे की रिंगा गेल्यात. शाळेतून आले की मी तिथेच बसायचे, टू-टी ऑइलच्या वासात अभ्यास करायचे. टीव्हीएस आणि सुझुकी २००१ मध्ये वेगळ्या झाल्या, तेव्हा नानांनी चहा पिता पिता एवढंच म्हटलं होतं की पार्ट मिळतील अजून दहा वर्षं. मिळालेही.

नानांनी गॅरेजचा गाळा देऊन टाकला ते मला गेल्या वर्षी फोनवर कळलं. देऊन झाल्यावर. दादाला आधी माहीत होतं. त्याबद्दल आज लिहायचं नाही.

पण नानांच्या हातात काही कमी नव्हतं. अजूनही नाही. गाड्याच बदलल्या. आता गाडीला वायर लावून मशीन सांगतं काय बिघडलंय ते, आणि ते मशीन घेण्याइतकी गिऱ्हाइकं उरली नव्हती. कुणी नानांना तुमचं काम वाईट आहे असं म्हटलं असतं तर नाना भांडले असते. कुणी म्हटलंच नाही.

आखाजीलाच मी त्यांना सुझुकीचं सांगितलं होतं. माझा घसा दाटलेला, आणि ते आंबे पिळत बसले होते. म्हणाले, "त्यास्नं बी दुकानच शे ना माय. परवडनं नही, बंद करं." मला रागच आला. मी म्हटलं, नाना, परवडत नाही असं कसं, एवढी मोठी कंपनी. मग मुद्दाम त्यांना सगळं सांगत बसले, की ही कंपनी मुळात १९०९ साली कापडाचे माग बनवणारी होती, सुतीचा धंदा बसला तेव्हा १९५२ मध्ये इंजिन लावलेली सायकल काढली, आणि तिथून मोटरसायकली. मला वाटलं त्यांना हे आवडेल, कारण आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावरच होते. नाना थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग त्यास्ले सवय शे."

तेव्हा मला ते बोलणं कोरडं वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. माग सोडले म्हणून मोटरसायकल आली, आणि मोटरसायकल आली म्हणून नानांचा गाळा चालला, त्यावर आम्ही दोघं शिकलो. मागांवरचं लक्ष काढून घेतलं तेव्हाही तिकडे जपानात, कंपनीच्या हमामात्सूत कुणीतरी असेलच, ज्याच्या हाताला मागाचं काम उत्तम येत होतं. त्याच्यासाठी मी कधी डोळे पुसले नाहीत. मला तो माहीतच नव्हता. त्याच्या जाण्यावर माझं बालपण उभं आहे म्हटलं तरी चालेल. हे सुचल्यापासून छातीवरचं ओझं थोडं हललंय. राग राहिला नाही कंपनीवर. निदान सकाळी होता तेवढा नाही.

तरी ती सुझुकीच्या गॅरेजमधली माणसं डोळ्यांपुढून जात नाहीत. मे महिन्यात सांगितलं की तुमचं काम संपलं, आणि त्यानंतरही ती नोव्हेंबरपर्यंत रोज उठून तीच गाडी आणखी चांगली करत राहिली. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडला रिन्सने होंडाच्या मार्केझला अर्ध्या सेकंदाहूनही कमी फरकाने मागे टाकलं. काल व्हॅलेन्सिया. शेवटच्या तीन शर्यतींत दोन विजय, सगळं ठरून गेल्यावर. कुणासाठी केलं असेल? पुढचं वर्ष नाही, बढती नाही, कुणाला दाखवून द्यायचं म्हणावं तर ज्यांना दाखवायचं त्यांनी आधीच सही केलेली. ह्यांना सांगायचं उत्तर बहुतेक हेच आहे. जिंकल्याचं रडू नव्हतं ते. एवढं चांगलं काम झालेलं बघून आलं.

नानांचं तसं मी बघितलंच नाही. शेवटच्या महिन्यात गॅरेजमध्ये काय चाललं होतं, कुठली गाडी शेवटची आली, मला काही माहीत नाही. विचारलंही नाही कधी. फोन ठेवला आणि रुसून बसले होते.

उद्या व्हॅलेन्सियालाच पुढच्या हंगामाची चाचणी आहे. मीर आणि रिन्स दोघेही होंडावर बसतील. सुझुकीसारखी एकाच ओळीत चार सिलिंडरवाली गाडी पुढच्या वर्षी फक्त यामाहाकडे असेल. मी रिन्सच्याच बाजूने राहीन असं आत्ता तरी वाटतंय, होंडा असली तरी.

रात्री जेवणं झाली की अमळनेरला फोन लावणार आहे. नानांना विचारायचंय, शेवटची गाडी कुणाची होती आणि तिला काय काय केलं. ते सांगायला लागले की पाऊण तास जातो, म्हणून आधी भांडी आवरून घेते.