दोन ओ

मे महिन्यातली दुपार. बाहेर ४३ अंश, आत कूलरमधलं पाणी संपलेलं. आमच्या टॉवेलच्या कारखान्यातल्या ऑफिसात नवी आलेली मुलगी म्हणाली, "सर, मेल पाठवायच्या आधी एकदा बघता का?" परदेशातला ग्राहक. माल आठ दिवस उशिरा जाणार, म्हणून गयावया. शेवटी लिहिलं होतं, तुमची ऑर्डर आम्हाला 'लूज' करायची नाही. दोन ओ घालून.

गमावणं एका ओचं, सैल दोन ओंचं. आपल्या तोंडी दोन्ही 'लूज'च, मग त्या पोरीने तरी काय करावं? आणि टॉवेलवाल्यांना दोन ओच जवळचे. टेरी टॉवेलाला उभ्या धाग्यांचे दोन ताणे लागतात, एक घट्ट, एक सैल. त्या सैल ताण्याचे जे फुगे वर येतात, तेच पाणी टिपतात. आमचं पोट त्या सैलपणावर चालतं.

'डिस्कस'पुढे 'अबाउट' लावलेलं मी खोडतो, पण मनातून माफ करतो. आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो, तो 'बद्दल' कुठे टाकणार? 'रिव्हर्ट बॅक' मात्र सहन होत नाही. 'रिव्हर्ट' म्हणजे मूळ स्थितीला परत जाणं. उत्तर द्या म्हणायचं, तर माणसाला थेट मूळपदावर कशाला धाडायचं? आणि 'डू द नीडफुल'ला कोणी हसलं तर मी भांडतो. साहेब लोक स्वतःच पूर्वी ते लिहायचे. त्यांनी सोडलं, आपण जपलं. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' इतक्या नेमकेपणाने दुसरं कोण सांगतं?

हे वेड अण्णांकडून आलेलं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. गल्लीभर मागांचा खडखडाट, शेजारी सगळे तेलुगू बोलणारे विणकर. अण्णा गिरणीत कारकून, त्यामुळे संध्याकाळी कोणी ना कोणी कोरा कागद घेऊन ओट्यावर बसलेलं असायचं. बँकेचा अर्ज, शाळेचा अर्ज. माणूस तेलुगूत सांगायचा, अण्णा मराठीत विचारायचे, कागदावर इंग्रजी उतरायचं. सुरुवात ठरलेली: 'आय बेग टू स्टेट'. पाचवीत इंग्रजी सुरू झालं, 'बेगर' म्हणजे भिकारी हे कळलं, आणि मी भर ओट्यावर विचारलं, "अण्णा, हे काय भीक मागायला आलेत का?"

समोरचा माणूस हसला. अण्णा नाही हसले. "तशी पद्धत असते," एवढंच म्हणाले आणि टाकाला शाई लावल्यासारखं बॉलपेन उगाच झटकलं.

पुढे गिरणी बंद पडली. तेव्हा अण्णांनी स्वतःसाठी अर्ज लिहिला, थकलेल्या पैशांसाठी. मी कॉलेजात होतो. "स्पेलिंग बघ रे," म्हणून कागद माझ्यापुढे सरकवला. सगळी स्पेलिंगं बरोबर होती. पहिली ओळ तीच होती. या वेळी मी काही विचारलं नाही.

"सर, पाठवू का?"

"पाठव. एक ओ काढ फक्त."

"आणि बाकीचं?"

बाकीचं राहू दे म्हटलं. कूलरमध्ये पाणी घालायला उठलो.