एका ‘ज्ञ’पायी चार महिने

22 सप्टेंबर 2025 रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, आम्ही आमच्या पहिल्या घराचे खरेदीपत्र नोंदवले. तेव्हापासून बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यातील तरुण सहकारी मला एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे हप्ता किती बसतो. हप्त्याचे उत्तर बँकेच्या संकेतस्थळावर अर्ध्या मिनिटात मिळते. विकणाऱ्याच्या नावातल्या एका अक्षरामुळे सरकारी कागद चार महिने अडकला आणि त्याने आमचा जीव मेटाकुटीस आणला. ती गोष्ट कोणीच विचारत नाही, म्हणून ती येथे लिहून ठेवत आहे. ज्या कार्यालयात हे घडले त्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथे आमचे एक काम अजून शिल्लक आहे.

आधी पैशांचे सांगतो. मी गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो आणि माझ्या हातात महिन्याला 31,500 रुपये येतात. पत्नी एका खासगी प्रयोगशाळेत आहे, तिला 18,500 मिळतात. बेळगावात नवीन दोन बेडरूमचे, म्हणजे टू बीएचके फ्लॅट आम्ही पाहिले, ते सगळे पन्नास लाखांच्या आसपास होते. शेतातले, एनए (बिगरशेती) न झालेले गुंठ्याचे प्लॉट बॉण्डवर, म्हणजे नोंदणीशिवाय नुसत्या करारावर स्वस्तात मिळतात आणि माझ्या दोन मित्रांनी ते घेतलेही आहेत, पण त्यावर बँक कर्ज देत नाही आणि मला रात्री झोप हवी होती. शेवटी सोळा वर्षे जुन्या इमारतीतला, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट 34 लाखांना ठरला. माझ्या एकट्याच्या पगारावर बँक जेमतेम 19 लाखांपर्यंत जायला तयार होती. दोघांचे पगार जोडले तेव्हा 27 लाख मंजूर झाले. व्याज 8 टक्के, मुदत 20 वर्षे, हप्ता सुमारे 22,600 रुपये. या हिशेबाने वीस वर्षांत सव्वाचोपन्न लाखांच्या घरात रक्कम फेडावी लागेल, म्हणजे जेवढे मुद्दल तेवढेच व्याज. एकट्याच्या कमाईवर आज आमच्यासारख्याला घर घेता येत नाही, हे मी कोणत्याही वादात पडायला न जाता सांगू शकतो.

कर्जाबाहेरचे 7 लाख आणि नोंदणीचा खर्च आमचा होता. जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीला मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावर उपकर आणि अधिभार धरून 5.6 टक्के, आणि एप्रिलमध्ये नोंदणी शुल्क 1 टक्का होते. (45 लाखांपर्यंतच्या फ्लॅटला शुल्कात जी सवलत आहे ती पहिल्या विक्रीला मिळते, फेरविक्रीला नाही; ही गोष्ट आम्हाला वकिलांनी सांगेपर्यंत माहीत नव्हती.) एकूण 9,24,400 रुपये हवे होते. बचत, पीएफ, पत्नीच्या बांगड्यांवरचे कर्ज आणि सासऱ्यांकडून हातउसने घेतलेले एक लाख असे करून 9,25,000 जमले. सहाशे रुपये शिल्लक राहिले म्हणून त्या रात्री आम्ही मिरची भजी आणली.

28 एप्रिलला संचकारपत्र झाले. महाराष्ट्रात ज्याला विसार म्हणतात त्याला आमच्याकडे संचकार म्हणतात. दोन लाख देऊन आम्ही मोकळे झालो आणि येथेच आमची चूक झाली. कर्नाटकात शहरी भागातील मिळकतीची खरेदी आता ई-खात्याशिवाय, म्हणजे मालकाच्या नावाच्या संगणकीय मिळकत उताऱ्याशिवाय नोंदवली जात नाही. विकणाऱ्या काकांकडे जुना कागदी खाता होता, घरपट्टीच्या सर्व पावत्या होत्या, नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून काढलेली ईसी, म्हणजे मिळकतीवरच्या बोजांचा दाखला, स्वच्छ होती. ‘ई-खाता काय, पंधरा दिवसांत होतो,’ असे काका म्हणाले, मध्यस्थ म्हणाला, आणि आम्हाला तसे ऐकायचेच होते म्हणून आम्हीही ते मान्य केले.

6 मे रोजी अर्ज दाखल झाला. खरेदीपत्राचा क्रमांक, आधार, ईसी, घरपट्टीची पावती, हेस्कॉम या वीज कंपनीचा आरआर (ग्राहक) नंबर, इमारतीचे छायाचित्र, सगळे जोडले होते. तीन आठवड्यांनी शेरा आला की मालकाचे नाव जुळत नाही.

काकांचे नाव ‘ज्ञ’ने सुरू होते. आपण मराठी माणसे त्याचा उच्चार ‘द्न्य’ असा करतो आणि इंग्रजीत लिहितानाही डी, एन, वाय अशी अक्षरे घालतो. काकांच्या आधारवर तसेच आहे, आणि त्या इंग्रजी अक्षरांवरून यंत्राने जे कन्नड नाव तयार केले ते ‘द्न्या’ असे उमटले आहे. 2009च्या खरेदीपत्रात मात्र लेखनिकाने कन्नडमधला योग्य ‘ज्ञा’ लिहिला होता. घरपट्टीच्या पावतीवर कोणीतरी कानाला ऐकू आले तसे ‘ग्या’ लिहून ठेवले होते. एकाच माणसाची तीन नावे झाली होती, आणि त्यांपैकी सर्वांत शुद्ध नाव ज्या कागदावर होते तोच कागद आता संशयित ठरला होता. काका निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. त्यांनी आयुष्यभर मुलांकडून ‘ज्ञ’ गिरवून घेतला, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ते खिडकीसमोर उभे राहून एका पंचविशीतल्या मुलाला सांगत होते की बाबा रे, हे अक्षर एकच आहे.

प्रथम आम्हाला प्रतिज्ञापत्र आणायला सांगण्यात आले. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे लिहून, नोटरी करून आम्ही ते नेले. मग कळले की संगणकात प्रतिज्ञापत्र जोडायची सोय आहे, पण ते पाहून मान्यता देणारे अधिकारी बदलून गेले आहेत आणि नवीन अजून रुजू झालेले नाहीत. ते रुजू झाले तेव्हा म्हणाले की प्रतिज्ञापत्र चालणार नाही, आधारवरचे नाव बदलून आणा. काकांनी याला नकार दिला आणि तो योग्यच होता, कारण आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यातली एक संधी त्यांनी पूर्वीच वापरली होती, आणि पेन्शन, पॅन, बँक सगळे त्याच नावावर आहे. नसेल तर खरेदीपत्राचे दुरुस्तीपत्र करा, असा दुसरा मार्ग सुचवला गेला. त्यासाठी 2009 साली ज्या विकासकाने फ्लॅट विकला त्याची सही लागते. त्या भागीदारीतले एक गृहस्थ वारले आहेत आणि दुसरे गोव्यात असतात. शिवाय जे मुळात बरोबर आहे ते चुकीचे करण्यासाठी दुरुस्तीपत्र करायचे, हे काकांना शिक्षक म्हणून पटेना.

या काळात मी सोळा वेळा त्या कार्यालयात गेलो. प्रत्येक वेळी अर्धा दिवस बिनपगारी. ‘नाळे बर्री’ (उद्या या) हे शब्द मी इतक्यांदा ऐकले की आमची चार वर्षांची मुलगी ते खेळात म्हणू लागली. कधी सर्व्हर बंद असे, कधी संबंधित टेबलावरचे साहेब बैठकीला गेलेले असत, तर कधी सर्व्हर चालू आणि साहेब हजर असूनही फाईल दुसऱ्या लॉगिनमध्ये अडकलेली असे. एक खुलासा करायला हवा: हा प्रकार भाषेचा होता असे काही जण मला सांगू पाहतात, पण तसे नाही. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले असले तरी शाळेत कन्नड होते, मला ते सावकाश वाचता येते, आणि माझ्याशी कोणी उद्धटपणे बोलले नाही. 1956 पूर्वीचे मराठी उतारे आणि त्यानंतरचे कन्नड कागद बँकेच्या पॅनेल वकिलांनी एका बैठकीत वाचून मत दिले होते. दोन लिप्यांमध्ये तिसरी, इंग्रजी लिपी घुसवून यंत्राने जो घोळ केला तो निस्तरायची जबाबदारी कोणाच्याच टेबलावर नव्हती, माझी तक्रार एवढीच आहे.

मध्येच कर्जाच्या मंजुरीपत्राची तीन महिन्यांची मुदत संपली. पुन्हा सिबिल, पुन्हा पगारपत्रके, पुन्हा प्रक्रिया शुल्काचा काही भाग भरावा लागला.

मग ऑगस्टअखेर, घरात गणपती बसलेले असताना, नोंदणी शुल्क 31 ऑगस्टपासून 1 टक्क्यावरून 2 टक्के होणार असल्याची बातमी आली. 34 लाखांवर एक टक्का म्हणजे 34,000 रुपये. मी त्या दिवशी आरती म्हटली नाही, नुसता उभा राहिलो. आमचे सहाशे रुपये भज्यांवरच खर्च झाले होते. ही रक्कम पत्नीने भिशी लवकर उचलून उभी केली, आणि तेव्हापासून घराविषयी काही बोलताना ती ‘माझा एक टक्का’ असे म्हणते.

कोंडी फुटली ती अशी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या टेबलावर एक नवीन संगणक चालक बसली होती. तिने तिन्ही कागद पाहिले, हसली, आणि कन्नडमध्ये म्हणाली की आमच्या गावात निम्म्या लोकांची नावे अशीच आहेत. तिने नावाच्या रकान्यात खरेदीपत्रातले नाव, मग ‘उर्फ’, मग आधारवरचे नाव असे टंकले आणि प्रतिज्ञापत्र जोडून फाईल वर पाठवली. अधिकाऱ्यांनी मान्यता दिली. 11 सप्टेंबरला ई-खाता हातात आला. जो शब्द आमच्या आजोबांच्या उताऱ्यांवर प्रत्येक तिसऱ्या नावापुढे असतो, तो मे महिन्यात कोणालाच का सुचला नाही, याचे उत्तर मला मिळाले नाही. त्या मुलीला पेढे नेऊन दिले तर तिने घेतले नाहीत.

तेव्हा पितृपक्ष लागला होता, त्यामुळे आईने खरेदीला घटस्थापनेपर्यंत थांबायला लावले. चार महिन्यांपुढे अकरा दिवसांचे काय, असे म्हणून मी वाद घातला नाही. सबरजिस्ट्रार कार्यालयातले काम दोन तासांत झाले आणि त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

आता जे घर शोधत आहेत त्यांनी संचकार देण्यापूर्वी विकणाऱ्याच्या नावाचा ई-खाता प्रत्यक्ष पाहावा. ‘होऊन जाईल’ हे उत्तर स्वीकारू नये. विकणाऱ्याचे आधार, खरेदीपत्र आणि घरपट्टीची पावती शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षराला अक्षर लावून तपासावे. कन्नड येत नसेल तर वाचता येणारा कोणीतरी सोबत न्यावा. संचकारपत्रात, विलंबामुळे शुल्क वाढले तर ते कोणी सोसायचे, याचे कलम घालावे. आमच्यात ते नव्हते आणि सत्तरी ओलांडलेल्या काकांकडे 34,000 मागण्याचे धाडस मला झाले नाही. त्यांनी जाताना फ्लॅटमधला पंखा आणि देव्हारा ठेवून दिला.

आणखी एक, जे मला उशिरा कळले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाच्या दुसऱ्या टप्प्यात, वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत असलेल्या आणि देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला, 35 लाखांपर्यंतच्या घरासाठी 25 लाखांपर्यंतचे कर्ज घेतल्यास व्याजात एकूण 1.80 लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. आमचे घर 34 लाखांचे होते, उत्पन्नही मर्यादेत होते, कर्ज मात्र 27 लाखांचे. सासऱ्यांकडून आणखी दोन लाख मागितले असते तर कर्ज 25 लाखांत बसून अनुदान मिळाले असते, पण मला संकोच वाटला. बँकेतल्या कोणीही हे आपणहून सांगितले नाही, म्हणून अर्ज करतानाच स्वतः विचारावे.

गेल्या महिन्यात आमच्या दोघांच्या नावाचा ई-खाता आला. माझ्या आडनावात ‘ळ’ आहे, तो बरोबर उमटला आहे. पत्नीचे आडनाव तेच, पण तिच्या नावापुढे त्याचा ‘ल’ झाला आहे. ‘ळ’ कन्नडमध्येही आहे, त्यामुळे हा इंग्रजी एलचाच प्रताप असावा. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. पावती घेताना मी त्या टेबलाकडे पाहिले, तर ‘उर्फ’ टंकणारी मुलगी तेथे नव्हती.