अलिबाग ते कोर्लई : तिथीच्या हिशेबाने एक दिवस

अलिबागला फिरायला येणारे बहुतेक लोक घड्याळ आणि रस्त्यावरची गर्दी पाहून निघतात. परंतु समोरच्या समुद्रातला कुलाबा किल्ला ओहोटीला पायी चालत जाऊन पाहायचा असेल, तर आधी पंचांग उघडावे लागते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब अगदी सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते आणि तिच्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटीची. तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या आसपास ओहोटी. अष्टमीला हाच हिशेब भर दुपारी बारा वाजता ओहोटी दाखवतो खरा, पण ती भांगाची ओहोटी. तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला लागून येणारे दोन-तीन दिवस मात्र समुद्र लांबवर मागे हटतो. म्हणून आम्ही मार्गशीर्ष वद्य तृतीया ठरवली आणि आदल्या संध्याकाळीच अलिबागला येऊन राहिलो.

सकाळी साडेसातला पुळणीवर उतरलो, तेव्हा किल्ल्यापर्यंतची वाट बरीचशी उघडी पडली होती. ओली वाळू पायाखाली घट्ट लागते. मध्येच घोट्याएवढे पाणी साचलेले सखल भाग येतात आणि किल्ला जवळ आला की कालवांनी खरबरीत झालेले खडक सुरू होतात, त्यामुळे अनवाणी चालण्याचा हट्ट धरू नये. ज्यांना चालायचे नसते त्यांच्यासाठी घोडागाड्या असतात आणि भरतीच्या वेळी होड्या. पण पायी जाण्यात तटबंदी हळूहळू मोठी होत जाताना दिसते, ती मजा गाडीत बसून येत नाही.

या किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पुरे झाले. खरे पाहण्यासारखे आहे ते तटाच्या तळाशी. येथे मोठमोठे चिरे चुना न वापरता नुसते एकावर एक रचलेले आहेत. दोन चिऱ्यांच्या मधल्या फटीत सहज हात जातो आणि ओहोटी लागून कित्येक तास झाले असतानाही त्या फटींतून पाणी बारीक धारेने बाहेर झिरपत होते. लाटेचे पाणी आत शिरते, फटींमध्ये विभागले जाते आणि तिचा मारा तिथेच ओसरतो, असे या रचनेचे कारण सांगितले जाते. ते ऐकून माहीत असणे वेगळे आणि ती धार तळहातावर घेणे वेगळे.

आत १७५९ साली राघोजी आंग्रे यांनी बांधलेले गणेशपंचायतन आहे, त्याच्याजवळ पुष्करणी आहे आणि चारी बाजूंनी खारे पाणी असूनही आत गोड्या पाण्याची विहीर आहे. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा उभ्या आहेत. छायाचित्रांसाठी तिथे सर्वाधिक गर्दी होते. मात्र त्या १८४९ सालच्या इंग्रजी बनावटीच्या आहेत, म्हणजे आंग्र्यांच्या पराक्रमाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. हा पराक्रम आठवायचा असेल तर १७२१ चा डिसेंबर आठवावा. कमोडोर मॅथ्यूजचे इंग्रज आरमार आणि पोर्तुगीज फौज असे दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले होते आणि कान्होजी आंग्र्यांच्या बाजूने थोरले बाजीराव उभे राहिल्यावर ती मोहीम पार फसली. कान्होजींची समाधी अलिबाग गावात आहे. किल्ल्यावर येणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक तिकडे वळतात.

दहाच्या आत परतणे भाग होते आणि आम्ही परतलो. गावातून जाताना चुंबकीय वेधशाळेचे आवार बाहेरूनच पाहिले. मुंबईतल्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले, त्या विजेने मुंबईतल्याच कुलाबा भागातील वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवण्यात आले.

पुढे चौलचा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो. दत्तजयंतीची यात्रा अजून उठलेली नसल्याने डोंगरावरच्या दत्ताला जाणाऱ्यांची रीघ लागली होती, तेव्हा आम्ही न थांबता थेट रेवदंड्याला आलो. चौल हे फार प्राचीन बंदर. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये, पण त्याच्या सुमारे पाव शतक आधीच अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला होता. त्याचे स्मारक रेवदंड्यातील एका शाळेच्या आवारात आहे. परवानगी विचारून ते पाहिले. मुलांचा खेळ मात्र आमच्यामुळे जराही थांबला नाही.

रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट हा एखाद्या टेकडीवर जपून ठेवलेला किल्ला नव्हे. त्याच्या तटाच्या आत आज वाड्या आहेत, घरे आहेत, वाळत घातलेली सुपारी आहे. एवढेच काय, मुरूडला जाणारी मोटाररस्त्याची वाहतूकही तटातूनच जाते. सातखणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मनोऱ्याचे चार मजले आता शिल्लक आहेत. त्याभोवती रान माजलेले आहे आणि हे पाहून मन खट्टू होते, कारण एवढ्या उंच भग्न मनोऱ्याला थोडी राखण मिळाली असती, तर त्याने गावाला नाव मिळवून दिले असते.

कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. येथे आम्ही मुद्दाम दुपारी पोहोचलो, कारण सकाळी ओहोटी हवी होती तशी इथे भरती हवी होती. कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या जिभेसारखा आहे. पश्चिमेच्या पायथ्याशी दीपगृह आणि त्याच्या बाजूने वर चढणाऱ्या पायऱ्या. अहमदनगरच्या निजामशाहीने येथे बांधलेला किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतला आणि १७४० मध्ये तो रेवदंड्यासह मराठ्यांकडे आला. डोंगराच्या कण्यावरून उत्तरेकडे उतरत जाताना एकामागून एक दरवाजे लागतात. वाटेत छप्पर उडालेले चर्च आणि रत्नेश्वराचे देऊळ एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. भर भरतीच्या वेळी माथ्यावर उभे राहिले की एका हाताला उघडा समुद्र आणि दुसऱ्या हाताला तुडुंब भरलेली खाडी, अशा दोन रंगांच्या पाण्यामध्ये आपण उभे असतो. तोफेच्या माऱ्यातून एकही गलबत खाडीत का शिरू शकत नसे, हे समजायला मग नकाशा लागत नाही.

पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून उपजलेली बोली अजून घरात बोलली जाते. पाण्याचा हंडा उतरवता उतरवता दोन बायका त्या बोलीत काहीतरी भांडत होत्या आणि आमच्याकडे वळून त्यांनी अस्सल रायगडी मराठीत दीपगृहाची वाट सांगितली.

चार वाजले होते आणि सोबतच्यांपैकी काहींना त्याच दिवशी जंजिराही उरकून घ्यायचा होता. मी त्याला ठाम विरोध केला. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जायचे, तर सकाळचा वेळ हाताशी हवा. संध्याकाळच्या शेवटच्या होडीत कसेबसे बसून परतीच्या घाईत तो किल्ला पाहणे म्हणजे न पाहण्यासारखेच. थोडी कुरबुर झाली, पण शेवटी सर्वांनी काशिदच्या पुळणीवर तासभर पाण्यात खेळण्यावर समाधान मानले आणि तिथूनच गाडी मागे वळवली.