लेव्हल वाढली, पण कुठली?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीत 'लेव्हल' हा एकच शब्द तीन निराळ्या गोष्टींसाठी येतो: कॅरेक्टरची (पात्राची) एकूण लेव्हल, एखाद्या क्लासमधली (फायटर, क्लेरिकसारख्या पेशातली) लेव्हल आणि स्पेलची (मंत्राची) लेव्हल. कॅरेक्टर शीटवरच्या बऱ्याच चुका या तिघींची सरमिसळ झाल्यामुळे होतात. पुढचे आकडे २०१४ च्या नियमांचे आहेत.

आधी एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण. दुसऱ्या लेव्हलला ३००, तिसरीला ९००, चौथीला २,७०० आणि पाचवीला ६,५०० लागतात. हे सगळे एकूण जमेचे आकडे. लेव्हल वाढली म्हणून एक्सपी शून्यावर आणायचे नसतात. दुसरीवरून तिसरीला जायला आणखी ६०० पुरतात. डीएमकडून (खेळ चालवणाऱ्याकडून) चूक होते ती गुणकाची. समजा प्रत्येकी ४५० एक्सपीचे चार ऑगर आहेत, मिळून १,८००. लढत किती अवघड आहे हे जोखताना चार राक्षसांसाठी तो आकडा दुप्पट धरतात, पण वाटायचे मूळ १,८००च. चार खेळाडू असतील तर प्रत्येकी ४५०. गुणलेले ३,६०० वाटले, तर पार्टी दुप्पट वेगाने वर जाते आणि पुढच्या लढतींचा सगळा अंदाज चुकतो. माइलस्टोनने, म्हणजे कथेतल्या टप्प्यांवर लेव्हल देत, खेळत असाल तर हा हिशेबच नको.

एचपीसाठी (कॅरेक्टर किती मार सोसतं त्या पॉइंटसाठी) क्लासचा हिट डाय, म्हणजे त्या क्लासचा फासा, टाकायचा किंवा ठरलेला आकडा घ्यायचा: डी६ ला (सहा बाजूंच्या फाशाला) ४, डी८ ला ५, डी१० ला ६, डी१२ ला ७. त्यात कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) मॉडिफायर, म्हणजे त्या स्कोअरवरून ठरणारा अधिक-उणे आकडा, मिळवायचा. डी१० ची सरासरी ५.५ येते, म्हणजे ठरलेल्या आकड्यात अर्ध्या पॉइंटचा फायदाच आहे. माझं मत विचाराल तर तोच घ्या. दोन-तीनदा १ पडला की पुढे उभा राहणारा फायटर कायमचा कमकुवत होतो.

मॉडिफायर वाढला की मागच्या लेव्हलचेही एचपी वाढतात, आणि इथे खूप जण फसतात. फायटर घ्या, हिट डाय डी१०, कॉन्स्टिट्यूशन १५, मॉडिफायर +२. पहिल्या लेव्हलला डायचा पूर्ण आकडा धरून १० + २ = १२, मग दोनदा ६ + २ = ८, म्हणजे तिसरीला २८. चौथीला कॉन्स्टिट्यूशन १६ केलं की नव्या लेव्हलचे ६ + ३ = ९, शिवाय मागच्या तीन लेव्हलचा एकेक. एकूण ४०. शीटवर ३७ दिसले, तर ते तीन राहून गेलेत.

खरा घोळ मल्टिक्लासमध्ये, म्हणजे एकाच कॅरेक्टरने दोन क्लास घेताना. हाच फायटर पाचव्या लेव्हलला क्लेरिक झाला: फायटर ४, क्लेरिक १. त्यासाठी विझ्डम १३ हवंच, पण जुन्या क्लासची अटही पुरी हवी, म्हणजे स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी १३. प्रोफिशियन्सी बोनस (येत असलेल्या कामाच्या फाशात मिळवायचा आकडा) एकूण लेव्हलवर चालतो, म्हणून तो +३ झाला. कँट्रिपही (कितीही वेळा टाकता येणारे साधे स्पेल) एकूण लेव्हलच बघतात, त्यामुळे क्लेरिकचा सेक्रेड फ्लेम २डी८ चा (दोन डी८ फाशांचा). एक्स्ट्रा अटॅक (एकाच पाळीत जादा वार) मात्र नाही, कारण तो फायटरच्या पाचव्या लेव्हलचा. क्लेरिकच्या लेव्हलचे एचपी ५ + मॉडिफायर. पूर्ण ८ मिळत नाहीत, डायचा पूर्ण आकडा कॅरेक्टरच्या अगदी पहिल्या लेव्हललाच. क्लेरिकच्या सेव्हिंग थ्रोंची (संकटातून वाचायला टाकायच्या फाशांची) प्रोफिशियन्सीही येत नाही. चौथीलाच क्लेरिक घेतला असता, तर कॉन्स्टिट्यूशनची ती वाढसुद्धा हुकली असती. ॲबिलिटी स्कोअरची वाढ क्लासच्या लेव्हलवर मिळते. फायटर ४ गाठून मगच क्लास बदला, असं म्हणतात ते याचसाठी.

स्पेल स्लॉटचं (स्पेल टाकताना खर्च होणाऱ्या जागांचं) गणित आणखी वेगळं. विझर्ड ३, क्लेरिक २ असेल तर दोन्ही लेव्हल मिळवून पाचव्या लेव्हलचे स्लॉट मिळतात: ४, ३, २. म्हणजे तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट आहेत. पण स्पेल शिकायचे ते प्रत्येक क्लासच्या आपापल्या लेव्हलप्रमाणे, म्हणून विझर्डचे दुसऱ्या लेव्हलपर्यंत आणि क्लेरिकचे फक्त पहिल्या. तिसऱ्या लेव्हलचा फायरबॉल नाही! ते स्लॉट खालचे स्पेल चढवून टाकायला वापरा. मॅजिक मिसाइल तिसऱ्या स्लॉटमधून टाकला की तीनऐवजी पाच बाण सुटतात. पॅलाडिन आणि रेंजरची लेव्हल या बेरजेत निम्मी धरायची, अपूर्णांक सोडून. वॉरलॉकचे पॅक्ट मॅजिकचे स्लॉट या बेरजेत अजिबात धरायचे नाहीत. त्यांची नोंद शीटवर वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण ते शॉर्ट रेस्टनंतरही (छोट्या विश्रांतीनंतरही) परत मिळतात आणि बाकीच्यांना लाँग रेस्ट लागते.