मार्काच्या शुभवर्तमानाची ओळख करून देताना – माझा अनुभव

आमच्या मंडळीत ईस्टरआधीच्या उपवासकाळात एक शुभवर्तमान (बायबलमध्ये येशूची गोष्ट सांगणारी चार पुस्तकं आहेत, त्यातलं एक) पूर्ण वाचायची पद्धत आहे आणि त्याआधीच्या कॉटेज मीटिंगला (छोट्या प्रार्थनासभेला) कोणीतरी त्या पुस्तकाची ओळख करून द्यायची असते, म्हणजे लेखक कोण, कधी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, मुख्य विषय काय वगैरे. यंदा मार्क होता आणि पाळकसाहेबांनी ते माझ्याकडे दिलं. मी सेमिनरीत (धर्मशिक्षणाच्या कॉलेजात) शिकलेली नाही, नोकरी सांभाळून संडे स्कूल घेते, पण मार्क मला पहिल्यापासून जवळचा वाटतो त्यामुळे मनापासून हो म्हटलं. तयारी कशी केली, काय ठेवलं, काय गाळलं ते जरा सविस्तर लिहितेय, कोणाला असंच काही करायचं असेल तर उपयोग होईल.

पहिली गोष्ट म्हणजे कुठलंही माहितीचं पुस्तक न उघडता आधी अख्खा मार्क एका बैठकीत मोठ्याने वाचून काढला. सोळाच अध्याय आहेत, चारही शुभवर्तमानांत हेच सगळ्यात छोटं, दीड-दोन तासांत आरामात होतं. रविवारी आपण तुकड्या-तुकड्यांत ऐकतो ना, त्यात या पुस्तकाचा वेग कळतच नाही. इथे जन्माची गोष्ट नाही, मेंढपाळ नाहीत, मागी (पूर्वेकडचे ज्ञानी लोक) नाहीत, वंशावळ नाही, पहिल्याच पानावर मोठा झालेला येशू यार्देन नदीपाशी येतो, आणि पहिला अध्याय संपेपर्यंत बाप्तिस्मा, रानातली परीक्षा, चार कोळ्यांना बोलावणं, कफर्णहूमच्या सभास्थानातला अशुद्ध आत्मा, पेत्र या त्याच्या प्रमुख शिष्याच्या सासूचा ताप आणि तो कुष्ठरोगी, एवढं सगळं होऊन गेलेलं असतं. आणि मग अकराव्या अध्यायात यरुशलेमात शिरल्यावर हाच लेखक एकदम सावकाश लिहायला लागतो, शेवटचा एक आठवडा जवळजवळ तिसरा हिस्सा पुस्तक व्यापतो. हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही, वाचताना आपोआप जाणवलं. म्हणून माझं ठाम मत झालंय की ओळख करून देणाऱ्याने आधी पुस्तकालाच बोलू द्यावं, अर्थ समजावणारे टीकाग्रंथ नंतर.

मग लेखकाचा शोध. खरं तर या पुस्तकात कुठेही लेखकाचं नाव नाही. मार्काचं नाव येतं ते पपायसकडून, हा दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हिरापोलिसचा (आजच्या तुर्कस्तानात) बिशप होता, आणि त्याचं म्हणणं युसेबियसने चौथ्या शतकात आपल्या मंडळीच्या इतिहासात उतरवून ठेवलं म्हणून आपल्याला मिळालं. तो म्हणतो की मार्क हा पेत्राचा दुभाष्या होता, पेत्राच्या शिकवणीतलं जे आठवलं ते त्याने नीट लिहिलं पण क्रमाने नाही. ही परंपरा जुनी आहे, सगळ्याच अभ्यासकांना ती जशीच्या तशी मान्य नाही, आणि मी मीटिंगमध्ये हे स्पष्ट सांगितलं, कारण श्रद्धेच्या लोकांपुढे बोलताना तर जास्तच जपून बोलावं असं मला वाटतं.

पण हा मार्क म्हणजे प्रेषितांची कृत्ये या बायबलमधल्याच पुस्तकातला योहान मार्क असेल तर त्याची कहाणी काय आहे बघा. यरुशलेमात त्याच्या आईचं घर, पेत्र तुरुंगातून सुटून थेट तिथे जातो, आत सगळे प्रार्थना करत असतात. पुढे हा पौल आणि बर्णबा या दोन प्रचारकांबरोबर प्रवासाला निघतो आणि पंफुलियातल्या पिर्गाहून अर्ध्यातच परत फिरतो. पौलाला ते इतकं लागतं की पुढच्या फेरीत याला घ्यायचं का यावरून त्याचं आणि बर्णबाचं कडाक्याचं भांडण होऊन दोघं वेगळे होतात, बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला जातो. आणि तरी पौलाच्या नावाने असलेल्या तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या शेवटी काय, तर मार्काला घेऊन ये, सेवेसाठी मला त्याचा उपयोग आहे! हे सांगताना आमच्या तरुण संघातली पोरं मोबाईल खाली ठेवून ऐकत होती. एकदा सोडून गेलेला माणूस, आणि त्याच्या नावावरचं शुभवर्तमान असं की त्यात शिष्य सारखे चुकतात, घाबरतात, शेवटी सगळे पळून जातात आणि तरी येशू त्यांना टाकत नाही.

काळ आणि वाचक कोण यावर मी बराच वेळ घालवला. बहुतेक अभ्यासक हे पुस्तक साधारण इ.स. 65 ते 75 च्या दरम्यान लिहिलं गेलं असं धरतात आणि जुनी परंपरा रोमकडे बोट दाखवते. वाचक यहुदी नसावेत, कारण सातव्या अध्यायात हात धुण्याची रीत समजावून सांगितलीय, अरामी शब्दांचे अर्थ दिलेत, आणि मंदिरात दान टाकणाऱ्या विधवेच्या दोन टोल्या (छोटी नाणी) म्हणजे किती हे रोमी नाण्यात सांगितलंय. आता रोममध्ये त्या दिवसांत काय चाललं होतं? 64 साली शहराला भयंकर आग लागली आणि नेरो बादशहाने खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं, टॅसिटस हा रोमी इतिहासकार लिहितो की त्यांना जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकलं, खांबांवर खिळलं, रात्री दिव्यांसारखं जाळलं. तिकडे 66 मध्ये यहुदियात बंड पेटलं आणि 70 साली तीत या रोमी सेनापतीच्या सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं. हे माहीत असलं की तेरावा अध्याय, ज्यात येशू मंदिर पाडलं जाईल असं सांगतो, तो वाचताना अंगावर काटा येतो. आणि आठव्या अध्यायातलं ‘आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे यावं’ हे वाक्य ज्या लोकांनी पहिल्यांदा ऐकलं त्यातल्या कित्येकांनी खरोखरीचा वधस्तंभ डोळ्यांनी बघितलेला असणार. आपण ते गाण्यांत इतक्या सहज म्हणतो.

शिमोन कुरेनेकराचंही इथेच सांगितलं. त्याने येशूचा वधस्तंभ वाहिला हे इतरही शुभवर्तमानांत आहे, पण हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप असं फक्त मार्कच लिहितो, म्हणजे वाचणाऱ्यांना ही मुलं माहीत असावीत. आणि पौल रोमकरांस पत्रात शेवटी एका रूफाला सलाम सांगतो. तोच हा रूफ असं ठामपणे म्हणता येत नाही, पण अशा जागी पुस्तकातून खरी माणसं डोकावतात आणि मला ते फार आवडतं.

मला सगळ्यात जास्त समाधान नावेने दिलं. 1986 साली दुष्काळात इस्राएलमधल्या गालीलच्या समुद्राचं पाणी उतरलं आणि चिखलात दोन कोळी भावांना एक जुनी नाव सापडली, साधारण येशूच्या काळातली, ती आता गिनोसारच्या म्युझियममध्ये ठेवलीय. लांबी सव्वाआठ मीटर, रुंदी 2.3 मीटर. तर मीटिंगच्या आधी मी चर्चच्या आवारात टेप धरून खडूने तेवढी नाव आखली आणि संडे स्कूलच्या मुलांना आणि दोन-तीन मोठ्यांना मिळून तेरा जणांना (येशू आणि बारा शिष्य) आत बसवलं, मागच्या टोकाला येशू म्हणून एकाला उशी देऊन झोपवलं. मग चौथ्या अध्यायातली वादळाची गोष्ट वाचली. वल्ही, शीड, दोर यांना जागा सोडली की माणसं एकमेकांना चिकटूनच बसतात, काठ तर हाताशीच. त्यात तो समुद्र म्हणजे खरं तर गोड्या पाण्याचं तळं, साधारण 21 किलोमीटर लांब आणि 13 किलोमीटर रुंद, समुद्रसपाटीच्या दोनशेहून जास्त मीटर खाली, भोवती डोंगर, त्यामुळे वारा अचानक खाली कोसळतो. आमच्या एका काकांचं आयुष्य कोकणात गेलंय, ते म्हणाले एवढ्या नावेत एवढी माणसं आणि वादळ म्हणजे हे लोक मरायलाच टेकले होते. झालं, शिष्यांची भीती त्या दिवशी सगळ्यांना कळली. आणि त्या भीतीतूनच तो प्रश्न येतो, हा आहे तरी कोण, वारा आणि समुद्रही याचं ऐकतात?

तोच मी मार्काचा मुख्य विषय म्हणून धरला. हा कोण आहे? वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच उत्तर दिलंय, येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र. भुतं ओळखतात, पण त्यांना गप्प केलं जातं. बऱ्या झालेल्यांना सांगितलं जातं कोणाला सांगू नका. जवळच्या शिष्यांना मात्र कळत नाही. असं का, यावर 1901 साली व्रेड नावाच्या जर्मन अभ्यासकाने पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून वाद चालूच आहे, मी त्यात शिरले नाही. मला स्वतःला पटणारं कारण पुस्तकाच्या मधोमध आहे. फिलिप्पाच्या कैसरियाकडे जाताना येशू विचारतो, तुम्ही मला कोण म्हणून म्हणता? पेत्र म्हणतो तू ख्रिस्त (देवाने पाठवलेला तारणारा). बरोबर उत्तर! आणि लगेच येशू दुःख सोसण्याचं, मारलं जाण्याचं बोलतो तर तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावायला लागतो. असं तीनदा होतं, आठव्या, नवव्या आणि दहाव्या अध्यायात. येशू आपलं मरण सांगतो आणि शिष्यांचं चाललेलं असतं मोठा कोण, किंवा याकोब-योहानासारखं, उजवीकडे-डावीकडे आम्हाला बसव. आणि या सगळ्या भागाच्या दोन्ही टोकांना एकेक आंधळा ठेवलाय, आधी बेथसैदाचा, ज्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसं झाडांसारखी दिसतात आणि मग दुसऱ्यांदा हात ठेवल्यावर स्पष्ट दिसतं, आणि शेवटी यरीहोचा बार्तीमय, जो दिसायला लागल्याबरोबर त्याच्यामागे त्या वाटेने चालायला लागतो. पेत्रालाही त्या वेळी अर्धवटच दिसतंय. वधस्तंभाशिवाय येशू कोण हे कळतच नाही, म्हणून तर शेवटी ‘खरोखर हा देवाचा पुत्र होता’ हे एका रोमी शताधिपतीच्या तोंडी येतं, आणि तेही तो मरताना समोर उभा राहून. मला एकच गोष्ट सांगायला वेळ दिला असता तर मी हीच सांगितली असती.

एका गोष्टीत दुसरी गोष्ट घालायची मार्काची सवय दाखवायला पाचवा अध्याय घेतला. याईराची मुलगी मरायला टेकलीय, येशू निघालाय, आणि वाटेत ती रक्तस्रावाची बाई, जी गर्दीत येशूच्या कपड्याला शिवून बरी होते. मुलगी बारा वर्षांची, बाई बारा वर्षं आजारी. लेवीय पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाप्रमाणे ती अशुद्ध, जिला शिवेल तो अशुद्ध. हे आमच्या स्त्री संघात समजावून सांगावंच लागलं नाही, लांब बसवणं, शिवू न देणं हे गावाकडे कित्येकींनी भोगलंय. एक मावशी एवढंच म्हणाल्या, ती गर्दीत शिरली कशी असेल गं, कुणी ओळखलं असतं तर? आणि येशू तिला सगळ्यांसमोर ‘मुली’ म्हणून हाक मारतो, तिकडे सभास्थानाचा अधिकारी खोळंबून उभा असताना. मग ती दुसरी मुलगी उठते तर म्हणतो हिला काहीतरी खायला द्या. या एका वाक्यावर आम्ही बराच वेळ थांबलो.

गाळलं ते असं: शुभवर्तमानांच्या लेखकांपैकी कोणी कोणाचं बघून लिहिलं हा वाद एका वाक्यात संपवला, की जुना धर्मपंडित ऑगस्टीन याला मार्क हा मत्तयाच्या शुभवर्तमानाचा संक्षेप वाटायचा, आज बहुतेक अभ्यासक मार्क आधीचा मानतात. आणि शब्द साधे ठेवले. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ भाषांवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं ते कमी शिकलेल्या बायकांनाही कळावं म्हणूनच ना, मग आपण कशाला जड बोलायचं.

शेवटी एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, ताई, सोळाव्या अध्यायात नवव्या वचनापासून पुढचं मूळचं नाही असं म्हणतात ते खरं का? तयारी होती म्हणून शांतपणे सांगता आलं. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकनच्या हस्तलिखित प्रतींत मार्क आठव्या वचनावरच थांबतो, येशूच्या रिकाम्या कबरेपासून बायका घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, तिथेच. पुढचा भाग फार जुना आहे आणि मंडळीने तो जपलाय, पण भाषा आणि मांडणी वेगळी आहे. काही ज्येष्ठ मंडळी जरा अस्वस्थ झाली. मग मी सातवं वचन वाचलं, कबरेतला तरुण त्या बायकांना म्हणतो, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला जाऊन सांगा की तो तुमच्याआधी गालीलात जातोय. पेत्राचं नाव वेगळं घेतलंय, आणि शेवटचं आपण पेत्राबद्दल वाचलेलं असतं ते येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हणून रडताना. यावर पाळकसाहेबांनीच पुढे दहा मिनिटं इतकं सुंदर सांगितलं की अस्वस्थता निघून गेली.

मग वाचनाचं ठरलं: रोज थोडं थोडं, मधला भाग घाई न करता, पंधरावा अध्याय गुड फ्रायडेला, आणि ईस्टरच्या पहाटे सोळाव्यातली आठ वचनं. त्यापुढची वचनं ईस्टरनंतरच्या मीटिंगला वाचून त्यावर चर्चा करायची, तिथे सुरुवात तोच कॉलेजचा मुलगा करणार आहे.