स्टॉकहोममध्ये बँकेचं खातं उघडताना: माझा अनुभव

नोकरीसाठी स्टॉकहोमला निघाले तेव्हा सगळ्यांनी थंडीबद्दल बजावलं. बँकेबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, म्हणून हे लिहितेय.

राहण्याचा-कामाचा परवाना, घर, करखात्यातली नोंदणी, सगळं सुरळीत झालं. वर्षभर किंवा जास्त राहणार असाल तर नोंदणीनंतर पर्सोननुम्मर, म्हणजे आपला व्यक्तिगत ओळख क्रमांक, मिळतो. तो हातात आला की सुटलो, असं वाटतं. पण अडकायला होतं ते त्यापुढेच.

बँकेत पासपोर्ट, परवान्याचं कार्ड, कंपनीचं पत्र सगळं दिलं. उत्तर एकच: स्वीडिश ओळखपत्र आणा. ते कार्ड करखातंच देतं, 400 क्रोनर भरून, पण त्यासाठी आधी वेळ घ्या आणि मग वाट बघा. इकडे पगाराची तारीख जवळ येत होती. खातं नाही म्हणून बँक-आयडी (बँकेकडून मिळणारी डिजिटल ओळख) नाही, बँक-आयडी नाही म्हणून स्विश (फोनवरून पैसे देण्याचं ॲप) नाही. आणि इथे जुन्या वस्तूंच्या बाजारातला विक्रेतासुद्धा स्विशच मागतो! बसमध्ये रोख चालत नाही, कित्येक दुकानांच्या दारावरच तशी पाटी असते. भारतातलं कार्ड चालतं, पण दर खरेदीवर चलनबदलाचे पैसे कापले जातात. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, तेव्हा तो नंबर रोमिंगवर चालू ठेवा.

बँकेत दर खेपेला तेच गोड हसू आणि तोच नकार. फार संताप व्हायचा. शेवटी ऑफिसातल्या एकीने सांगितलं की युरोपीय संघाच्या नियमानुसार कायदेशीर रहिवाशाला मूलभूत खातं मागायचा हक्क आहे. मी शांतपणे म्हटलं, "नकार असेल तर कारण लेखी द्या." मग पासपोर्टवरच खातं उघडलं. इतका आनंद पहिल्या पगाराचाही झाला नाही. ओळखपत्र आल्यावर बँक-आयडीही मिळाला.

खर्चाचं म्हणाल तर मी आले तेव्हा एक क्रोना साधारण आठ-नऊ रुपयांचा होता. बाहेरचं दुपारचं जेवण शंभर-सव्वाशे क्रोनरच्या पुढेच जातं, म्हणून डबा न्या. ऑफिसात मायक्रोवेव्ह असतात. दुकानात किमतीखाली बारीक अक्षरांत किलोचा दर छापलेला असतो, तोच बघा. डाळी आणि मसाले मोठ्या सुपरमार्केटपेक्षा शॅरहोल्मेन किंवा रिंकेबी या उपनगरांतल्या दुकानांत स्वस्त पडतात.

आणि हो, आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. नोंदणीच्या पहिल्या अर्जापासून ते अगदी तसंच लिहा, बँक अक्षरन् अक्षर ताडून बघते.